लावणीचे दिवस आणि सुताचे दिवस

पुणे शहरातील शनिवार पेठेची ओळख शनिवारवाड्यामुळे सर्वदूर झाली आहे. १७३० साली ज्याची पायाभरणी झाली तो वाडा आणि मुठेच्या काठचे ओंकारेश्वराचे देऊळ पाहावयास दूरदूरचे लोक येतात. परंतु या पेठेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. ते प्रवाशांच्या नजरेस सहसा पडत नसे, कारण ते घरांच्या मागील चौकात नांदत होते. चौकात विहीर किंवा हौद, सांडपाण्यावर पोसलेले अळू, कोपऱ्यात केळ, मध्यभागी तुळशीवृंदावन, भिंतीलगत प्राजक्त व जास्वंद. आणि त्याच चौकालगतच्या पडवीत वाती, गेजवस्त्रे, जानवी, गोधड्या अशी नाना प्रकारची हातकामे, असा हा संसार होता. केळीच्या सोपटाचा दोर काढून त्यातच प्राजक्ताचे व जास्वंदीचे हार गुंफले जात. बाग आणि हस्तकला ही दोन निरनिराळी खाती आहेत, असे त्या घरांतील माणसांच्या मनातही येत नसे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे जमीनदोस्त केले. पुढील काळात वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, चौक गेले आणि त्यांची जागा सज्ज्यांनी व गच्च्यांनी घेतली. तरीही सज्ज्यात कुंड्या आणि खोलीत लोकरीचे गुंडे ही जोडी आजही अनेक घरांत आढळते. मात्र पूर्वी जे वर्षक्रमाने सहज साधत असे, ते आता साधत नाही. पावसाळ्याच्या तोंडी कुंड्यांची धांदल सुरू झाली की विणकाम अर्धवट राहते आणि विणकामाचा नाद लागला की रोपे सुकतात, अशी तक्रार वारंवार कानी येते.

शहरात ही तक्रार हौसेपुरती असते. खेड्यात तिचे स्वरूप अधिक गंभीर आहे. तेथे पेरणी, लावणी आणि खुरपणी करणारे हात आणि दोर, दावी, घोंगडी व टोपल्या करणारे हात पुष्कळदा एकाच घरातील असतात. त्या हातांच्या वेळेचे गणित चुकले तर हंगामातील मजुरी बुडते किंवा हातचा धंदा बसतो. या दोहोंचा मेळ कसा बसतो, त्यामागील कारणे कोणती आणि शाळा, पंचायत व कार्यालये यांनी आपल्या उपक्रमांची आखणी करताना कोणते पथ्य पाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी, ऊन आणि फुरसत

तंतूंच्या कामांना हंगाम नसतो, घरात बसून ती केव्हाही करता येतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. या कामांची विभागणी केल्यास तीन गट पडतात. काही कामांना पाणी किंवा दमट हवा लागते; काहींना कडक ऊन लागते; आणि काहींना या दोन्हींची गरज नसून केवळ स्वस्थपणा लागतो.

कापसाचा तंतू हवेतील ओलाव्याने अधिक बळकट होतो. कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते. मुंबईची दमट हवा सूतगिरण्यांना मानवली, त्याचे एक कारण हेच होते. अंबाडी, ताग यांचा वाखही किंचित ओला करूनच वळावा लागतो, नाहीतर तो राठ राहतो व पीळ नीट बसत नाही. लोकरीचे मात्र उलट आहे. भिजलेली लोकर कमकुवत होते. म्हणून धुतलेली लोकर पुरती वाळल्याशिवाय कामास घेत नाहीत. गोधडीसाठी जुनी लुगडी व धोतरे धुऊन, खडखडीत वाळवून, जमिनीवर ताणून पसरावी लागतात. ते काम उन्हाळ्यातच होऊ शकते.

शेतीच्या कामांचेही असेच तीन गट आहेत. तेव्हा मेळ घालावयाचा म्हणजे दिवसाचे तास दोन कामांत निम्मेनिम्मे वाटावयाचे नव्हेत. प्रत्येक कामाला निसर्गाकडून काय हवे हे पाहून त्याला वर्षात जागा द्यावयाची असते. आपल्याकडील जुन्या पद्धतींत हे तत्त्व कसे मुरलेले होते, ते पुढील उदाहरणांवरून ध्यानी येईल.

चातुर्मासातील कापूस

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ तो चातुर्मास. या काळात लक्षवातींचा नेम करण्याची प्रथा पुण्याच्या जुन्या पेठांतून रूढ होती व काही घरांत ती अजूनही पाळली जाते. चार महिन्यांत एक लाख वाती म्हणजे दररोज साधारण साडेआठशे वाती होतात. दुपारच्या निवांत वेळी चिमूटभर भस्म बोटांना लावून हे काम चाले. धार्मिक श्रद्धेचा भाग आपल्या ठिकाणी आहेच; पण कामाच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड किती योग्य होती हे दिसून येते. हवा दमट असल्याने कापसाची वात चटकन वळते, पावसामुळे बाहेरची कामे थांबलेली असतात आणि चौकातील झाडांना पाणी घालावे लागत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात कोरडवाहू कापसाची पेरणी जून-जुलैत होते आणि वेचणी साधारणतः ऑक्टोबरपासून सुरू होते. म्हणजे चातुर्मासात जो कापूस हाती असतो तो गेल्या वर्षीचा असतो. शेतात यंदाचे पीक वाढत असते आणि घरात मागील पिकाची वात वळली जात असते. हातकामाचा कच्चा माल एक हंगाम आधीच घरात आलेला असणे, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. ज्या हस्तव्यवसायात माल आणि काम एकाच वेळी गोळा करावे लागतात, तेथे ओढाताण अटळ ठरते.

अंबाडी : एका पिकाचे दोन हंगाम

शेत आणि हातकाम यांची सांगड अंबाडीइतकी स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या पिकात दिसते. खरिपात ज्वारी वा तुरीच्या शेतात कडेने अंबाडीच्या ओळी पेरण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. तिच्यासाठी स्वतंत्र जमीन लागत नाही, स्वतंत्र मशागत लागत नाही. दाट पेरल्यास झाडाला फांद्या फुटत नाहीत, ते सरळ उंच वाढते आणि वाख लांब मिळतो. विरळणी करताना उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते. मात्र जे झाड वाखासाठी राखावयाचे त्याचा शेंडा भाजीसाठी खुडू नये. शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि धागा तुटक निघतो. भाजीची ओळ वेगळी व वाखाची ओळ वेगळी ठेवणे हाच त्यावर सोपा उपाय होय.

दिवस लहान होऊ लागले म्हणजे अंबाडीला फुले येतात. पेरणीपासून साडेतीन-चार महिन्यांनी, निम्मी झाडे फुलावर आली की कापणीची वेळ झाली असे समजावे. यापूर्वी कापल्यास तंतू नाजूक राहतो, उशीर केल्यास तो राठ होतो. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या बांधून पाण्यात दडपून ठेवतात. पाण्यातील सूक्ष्म जंतू सालीतील डिंकासारखा भाग खाऊन टाकतात आणि तंतू सुटे होतात. पाणी कोमट असेल तर हे दहा-बारा दिवसांत होते, गार असेल तर वीस दिवसही लागतात. ऑक्टोबरमध्ये पाणी मुबलक व उबदार असते. डिसेंबरात ते गार होते. म्हणून हे काम थंडीवर ढकलणे हिताचे नाही. दररोज एक काडी काढून साल सोलून पाहावी. ती सहज सुटली की पेंढ्या बाहेर काढाव्यात. दोन दिवसांची हयगयही महागात पडते, कारण अधिक सडलेला वाख वळतानाच तुटू लागतो.

पंचायत सदस्यांनी येथे एक दक्षता घ्यावयास हवी. अंबाडी सडविलेल्या पाण्यास दुर्गंधी येते व त्यातील प्राणवायू कमी होतो. पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी व मासे असलेले तळे यांत पेंढ्या टाकू देऊ नयेत. त्यासाठी स्वतंत्र खड्डा वा हौद असावा आणि वापरलेले पाणी शेतात सोडावे.

वाख धुऊन वाळविला की पिकाचा पहिला हंगाम संपतो व हाताचा सुरू होतो. खळी आटोपल्यावर, माघापासून वैशाखापर्यंत, सवडीने दोर वळले जातात. कासरा, दावे, चऱ्हाट, शिंके, मुसके अशी पुढील हंगामाची सारी सिद्धता मृग नक्षत्रापूर्वी होते. थोडक्यात, यंदाच्या पेरणीचा दोर मागील पेरणीतून येत असे.

बांधावरचे घायपात आणि दोर वळणारे हात

घायपात, ज्यास अनेक भागांत केकताड म्हणतात, ते बांधावर व कुंपणाला लावले जाते. पावसाळ्यात मुनवे लावावेत. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी पाने तोडता येतात. गाभ्याभोवतीची पाने राखून बाहेरचीच पाने काढली तर एकच झाड अनेक वर्षे वाख देते. हिरव्या पानांच्या वजनाच्या शेकडा तीन ते पाच इतकाच वाख निघतो, म्हणून पाने दूर वाहून नेण्यापेक्षा जेथे तोडली तेथेच सोलणे परवडते. तोडलेली पाने साठवूनही ठेवता येत नाहीत. ती सुकण्यापूर्वी सोलावी लागतात. पानांच्या रसाने अंगास खाज सुटते. हातमोजे नसल्यास हातांना तेल लावूनच हे काम करावे.

दोर वळण्याची विद्या महाराष्ट्रात मुख्यतः मातंग समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. हंगामापूर्वी शेतकऱ्यास दोर पुरवावयाचे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य घ्यावयाचे, असा बलुत्याचा व्यवहार होता. काळाचा मेळ त्यात उत्तम होता, परंतु न्याय होताच असे म्हणता येणार नाही. धान्य किती मिळावे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे आणि कारागिराच्या वाट्यास मान फारसा येत नसे. नायलॉनचे दोर बाजारात आले, बैलांची संख्या घटली आणि बलुते मोडले. धान्याचा आधार गेला, पण त्याच्या जागी रोख भावाची शाश्वती आली नाही. आज या विद्येचे पुनरुज्जीवन करावयाचे असेल तर हंगामाचा जुना मेळ घ्यावा. जुनी विषमता घेऊ नये. कारागिराला मालाचा ठरावीक भाव आणि प्रशिक्षक म्हणून मानधन, या दोन्ही गोष्टी प्रथम निश्चित व्हावयास हव्यात.

लोकरीची वाट

धनगर बांधवांचा वर्षक्रमही पाहण्याजोगा आहे. पावसाळा सरला की कळप घाटावरून कोकणाकडे वा अन्य चराऊ भागांकडे निघतात आणि पुढील पावसापूर्वी परततात. वाटेत शेतात मेंढरे बसविली जातात. शेताला खत आणि धनगराला धान्य वा पैसा मिळतो. दख्खनी मेंढीची लोकर सामान्यतः वर्षातून दोनदा कातरली जाते. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. ती वाळण्यास ऊन लागते, म्हणून पावसाळी दिवसांत विणकराचा खोळंबा होतो. मेंढरू, शेत आणि माग या तिघांना जोडणारी ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी निखळली तर उरलेल्या दोन सैल पडतात.

सज्ज्यातील वर्ष

आता शनिवार पेठेतील सज्ज्याकडे वळू. घर लहान असले तरी नियम तेच आहेत. रोहिणी नक्षत्र लागताच, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, कुंड्यांतील माती बदलून ठेवावी. मृगाच्या सरींनंतर बियाणे पेरावे आणि रोपांची हलवाहलव आर्द्रापर्यंत, जूनअखेर, संपवावी. या चार-पाच आठवड्यांत नवे विणकाम हाती घेऊ नये. मातीकामाने हाताची त्वचा खरखरीत होते व धागा तिला अडकतो, ही साधी अडचणही लक्षात ठेवण्याजोगी आहे. रात्री हातांना तेल लावल्यास ती दूर होते.

पुनर्वसूपासून उत्तरेपर्यंत, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, कुंड्यांना पाणी घालण्याचे काम फारसे नसते. पाणी तुंबू न देणे एवढेच पुरते. हाच सुताचा खरा काळ होय. वाती, सूतकताई, क्रोशाचे काम यांस आरंभ करावा. पौषात वापरावयाचा स्वेटर भाद्रपदात सुरू केला तरच वेळेवर पुरा होतो. थंडी पडल्यावर घेतलेल्या सुया बहुधा होळीपर्यंत हातात राहतात. हस्ताचा पाऊस आटोपला की पुन्हा मातीकडे वळावे. मेथी, कोथिंबीर, पालक, चाकवत या हिवाळी भाज्यांसाठी दोन-तीन आठवडे पुरेसे होतात. चैत्र-वैशाखात झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी हवे असते आणि गच्चीवर वाळवणांची गर्दी असते. तेव्हा दुपारच्या वेळी सावलीत गोधडीला टाके घालावेत. गोधडीचे काम कोठेही थांबविता येते व पुन्हा सुरू करता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

कुंड्या टांगण्याची शिंकी घरीच करणारी मंडळी अलीकडे वाढली आहेत. परदेशी पुस्तकांतून मॅक्रमे या नावाने शिकविली जाणारी गाठींची कला आपल्या शिंक्याहून फारशी निराळी नाही. मात्र सतत भिजणाऱ्या कुंडीसाठी सुती वा अंबाडीचा दोर वापरू नये. तो लवकर कुजतो. नारळाचा काथ्या पाण्यात टिकतो, म्हणून तोच योग्य. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील काथ्या आणि देशावरील वाख शहरातील हौशी मंडळींनी विकत घेतला, तर एकाची हौस दुसऱ्याच्या उपजीविकेस हातभार लावू शकते.

शाळेचे वर्ष व पिकाचे वर्ष

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत मूलोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला व टकळी शाळेत आली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांसमवेत काम करण्याची कल्पना आहे. ही कल्पना चांगली आहे; पण ते दहा दिवस सलग घेण्याऐवजी पिकाबरोबर वाटून घेतल्यास अधिक फलदायी होतील.

आपल्याकडील शाळा जूनमध्ये उघडतात आणि अंबाडीही तेव्हाच पेरली जाते, हा योग शिक्षकांनी साधावा. मैदानाच्या कडेने दोन ओळी पुरेशा आहेत. दोन दिवस पेरणी व विरळणीस, दोन दिवस फुले आल्यावर कापणी व पेंढ्या भिजविण्यास, दोन दिवस सोलणे, धुणे, वाळविणे यांस आणि चार दिवस गावातील कारागिराच्या हाताखाली दोर वळण्यास द्यावेत. दिवाळीच्या सुटीत पेंढ्या पाण्यात विसरल्या जाण्याचा संभव असतो. तेवढी तारीख मुख्याध्यापकांनी आधीच पाहून ठेवावी. बी, पान, तंतू आणि दोर असा पूर्ण प्रवास डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी वनस्पतिशास्त्रातील धडा सहसा विसरत नाही.

दोन वर्षारंभ

आता मुख्य अडचणीकडे येऊ. शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिल रोजी सुरू होते. शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून सुरू होते. मंजुरी, निधी व साहित्य यांत दोन-तीन महिने गेले की हस्तव्यवसायाचा प्रशिक्षणवर्ग नेमका जुलैत येतो. मावळ-मुळशीसारख्या भागात तेव्हा भातलावणी भर जोरात असते. लावणीची मजुरी वर्षातील मोजक्याच दिवसांची. ती सोडून वर्गास येणे स्त्रियांना परवडत नाही. मग हजेरी रोडावते आणि ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो. वस्तुतः प्रतिसाद नसतो असे नव्हे; त्या दिवसांत सवड नसते. असा शेरा एकदा पडला की पुढील वर्षी तो वर्गच रद्द होण्याचा धोका असतो आणि शिकविणारे वृद्ध हात दरवर्षी कमी होत चाललेले असतात.

यावरील उपाय खर्चाचा नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. हे चार दिवस या कामाच्या चार टप्प्यांशी बरोबर जुळतात. २६ जानेवारीस त्या उन्हाळ्यातील वर्गाचा महिना व प्रशिक्षक ठरवावा, म्हणजे कागदपत्रे वेळेवर पुढे जातील. १ मे रोजी बियाणे व मुनवे यांची मागणी नोंदवावी. १५ ऑगस्ट रोजी पेंढ्या भिजविण्याची जागा निश्चित करावी. २ ऑक्टोबर रोजी वाखाचा भाव व विक्रीची व्यवस्था यांचा विचार व्हावा. वर्ग स्वतः माघ ते वैशाखात, दुपारच्या वेळी घ्यावा.

विक्रीचेही हंगाम आहेत. वाती, वस्त्रे व हारांचे सामान श्रावणापासून कार्तिकापर्यंत खपते. पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी बचत गटांच्या मालास ग्राहक मिळतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर निर्बंध आले. त्यामुळे कापडी व तागी पिशव्या, सुतळी, दोर यांस वाव निर्माण झाला आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांच्याशी जोडलेल्या गटांना हा वाव घेता येईल, परंतु माल मागणीच्या दोन महिने आधी तयार असला तरच.

राष्ट्रसंघाने २००९ हे वर्ष नैसर्गिक तंतूंचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले होते. त्यामागे तंतुपिके घेणाऱ्या कोट्यवधी शेतकऱ्यांच्या उपजीविकेचा विचार होता. आपल्या गावात त्यासाठी नवे काही आणावयाचे नाही. बांधावर घायपात आहे, शेताच्या कडेला अंबाडीस जागा आहे आणि दोर वळणारे काही हात अद्याप आहेत. लावणीच्या दिवसांत त्या हातांना लावणी करू द्यावी आणि सुताचे दिवस आले की कच्चा माल, जागा व योग्य दाम घेऊन त्यांच्याकडे जावे. पुढील वर्षाचा आराखडा तयार करताना प्रत्येक उपक्रमासमोर रक्कम लिहितो, तसा महिनाही लिहावा. एवढी एक नोंद वाढविल्याने पुष्कळ काम मार्गी लागेल.